घरातलं इन्सुलिनचं भांडार : साठा, नोंद आणि सुयांचा हिशेब

एसटीच्या आगारात भांडार सांभाळण्यात माझी २८ वर्षं गेली. फॅन बेल्ट, ब्रेक लायनर, फिल्टर, नट-बोल्ट. एक बेल्ट शिल्लक नाही म्हणून गाडी उभी राहिली, की तिकडे कुठल्या तरी फाट्यावर माणसं उन्हात ताटकळतात, हे पहिल्याच वर्षी समजलं होतं. तरीही २०१६ साली आमच्या हिला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा घरात मी एक साधं बिन कार्ड, म्हणजे आवक-जावक आणि शिल्लक लिहायचं कार्डसुद्धा, ठेवलं नाही. दोनच तर वस्तू, कुपी आणि सिरिंज, त्यांची काय नोंद ठेवायची, असं वाटलं.

२०१८ च्या धुळवडीला संध्याकाळी हिचा डोस होता १४ युनिटचा आणि कुपीत निघाले ६. फ्रिजमध्ये दुसरी कुपी असेलच, अशी माझी खात्री होती. खोकं होतं, पण रिकामं. अकोल्यात त्या दिवशी निम्म्याहून जास्त मेडिकल बंद. दीड तास स्कूटरवर फिरून एका दवाखान्याच्या आतल्या दुकानात कुपी मिळाली. घरी आलो तर ही जेवणाचं ताट झाकून बसलेली. काही बोलली नाही. त्याच रात्री मी नातवाची कोरी दोनशे पानी वही मागून घेतली. तेव्हापासून वहीत एका दिवसाचाही खंड नाही.

ती पद्धत इथे लिहितो. डोस किती घ्यायचा, कधी बदलायचा, हे डॉक्टरांचं काम. डॉक्टरांनी लिहिलेला डोस ठरल्या वेळी, ठरल्या प्रकारचा आणि चांगल्या अवस्थेतला हाताशी असणं, हे मात्र घरातल्या माणसाचं काम आहे आणि मी बोलतोय ते तेवढ्यापुरतंच.

पहिला हिशेब : एक कार्ट्रिज किती दिवसांचं

साठा ठेवायचा तर रोजचा खप आधी माहीत पाहिजे. आमच्याकडे आता पेन आहे, म्हणजे लिहायच्या पेनासारखं दिसणारं इन्सुलिन टोचायचं साधन. त्यात बसवायची इन्सुलिनची नळी म्हणजे कार्ट्रिज. पेनच्या कार्ट्रिजमध्ये ३ मिली इन्सुलिन असतं, दर मिलीला १०० युनिट, म्हणजे ३०० युनिट. हिचा डोस सकाळी २२, संध्याकाळी १६, मिळून ३८. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दर वेळी टोचण्याआधी सुईतून २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का ते पाहायचं असतं. दिवसाला दोनदा म्हणजे ४ युनिट. खरा खप ४२. तीनशेला बेचाळीसने भागलं तर सात दिवस आणि वर ६ युनिट उरतात.

म्हणजे आमचं कार्ट्रिज बरोबर एक आठवडा चालतं. मी ते सोमवारी सकाळी लावतो, ते रविवारी रात्री संपतं. उरलेल्या ६ युनिटांवर पुढचा डोस भागत नाही, ते टाकून देतो. पाच कार्ट्रिजचं खोकं पाच आठवडे पुरतं. सुया आठवड्याला १४, शंभराचं खोकं सात आठवडे जातं आणि दोन उरतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शुगर आठवड्यातून आठ वेळा तपासतो, त्यामुळे पन्नास स्ट्रिपची डबी सहा आठवड्यांची.

आधी डोस १८ आणि १४ होता. तेव्हा खप ३६ आणि कार्ट्रिज आठ दिवस पुरून थोडं उरायचं, त्यामुळे वार दर वेळी सरकायचा. तुमचंही तसंच असेल तर कार्ट्रिज लावतानाच त्यावर दोन तारखा चिकटवा, लावल्याची आणि संपण्याची. डोस बदलला की त्याच दिवशी भागाकार पुन्हा करायचा, उद्यावर टाकायचा नाही.

ज्यांचा डोस लहान त्यांना वेगळीच काळजी घ्यावी लागते. माझ्या मेहुण्याला रात्री एकदाच ८ युनिट. दोन हवेत सोडून रोजचे १०, म्हणजे कार्ट्रिज तीस दिवस. पण त्याच्या इन्सुलिनच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की वापरायला घेतलेलं कार्ट्रिज २८ दिवसांनंतर वापरू नये. तो शेवटचे २० युनिट संपवण्यासाठी दोन दिवस जास्त ओढायचा. पैसे जातात हे खरं, पण अठ्ठाविसाव्या दिवशी ते टाकायचंच. ही मुदत सगळ्या इन्सुलिनला सारखी नसते, म्हणून आपल्या खोक्यातला कागद उलगडून वाचा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

किती साठा ठेवायचा

भांडारात प्रत्येक वस्तूची एक पातळी ठरलेली असायची. शिल्लक त्या पातळीला आली की मागणीपत्र लिहायचं, वस्तू संपायची वाट बघायची नाही. आमचा मेडिकलवाला सांगितल्यावर दोन दिवसांत माल आणतो. पण दिवाळी आली, सलग सुट्ट्या आल्या, कंपनीकडूनच पुरवठा लांबला, तर दहा-बारा दिवसही जातात. म्हणून आमची पातळी दोन : न उघडलेली कार्ट्रिज दोन उरली, की त्याच दिवशी फोन. चालू कार्ट्रिज मी शिलकीत धरत नाही. जे उघडलं ते खर्ची पडलं, हा भांडाराचा नियम घरीही पाळतो. सुयांची पातळी २८, स्ट्रिपची १६.

वरची मर्यादाही ठरवा. लॉकडाऊनच्या दिवसांत माझ्या ओळखीतल्या एकाने वीस कार्ट्रिज भरून ठेवली. पुढे त्याच्या डॉक्टरांनी इन्सुलिनच बदललं. आमच्याकडे न उघडलेली सातपेक्षा जास्त कधी नसतात. दोन उरल्यावर पाचाचं खोकं येतं, म्हणजे सातच होतात.

दुकानात

भांडारात आम्ही जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा देत नसू. मी तेच इथे करतो. रिकाम्या खोक्याची नाव असलेली बाजू कापून पाकिटात ठेवली आहे. दुकानात नवं खोकं हातात घेतलं की ती चिठ्ठी शेजारी धरून एकेक शब्द जुळवतो. एकदा मला ३०/७० ऐवजी ५०/५० चं खोकं मिळालं. कंपनी तीच, आकार तोच, खोक्याची रचना जवळजवळ तीच. फरक फक्त आकड्यांचा आणि पट्टीच्या रंगाचा. त्या आकड्यांचा अर्थ असा, की लवकर काम करणारा भाग तीस टक्क्यांऐवजी पन्नास टक्के. डोस तोच देऊनही जेवणानंतरची साखर वेगळी वागली असती.

चिठ्ठी जुळली की मुदत बघतो. तीन महिन्यांच्या आत संपणारं घेत नाही. मग खोक्याला हात लावून बघतो, ते गार लागलं पाहिजे. काउंटरवर तासभर पडलेलं खोकं नको म्हणून सांगायला लाजू नका. बिल घेतल्याशिवाय निघत नाही, कारण बिलावर बॅच नंबर असतो आणि माल खराब निघाला तर बोलायला तोच आधार. मे महिन्यात मी दुकानात सकाळी नऊच्या आत जातो, सोबत बर्फाची पाकिटं टाकलेली छोटी थंड पिशवी. बर्फ आणि खोकं यांच्यामध्ये जाड नॅपकिनची घडी हवीच. इन्सुलिन उन्हाने बिघडतं तसंच गोठलं तरी बिघडतं.

फ्रिज

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो, पण आपल्या फ्रिजच्या कुठल्या कोपऱ्यात किती अंश असतात हे फार थोड्यांनी मोजलेलं असतं. मीही मोजलं नव्हतं. २०१९ च्या जानेवारीत फ्रिजचं बटण उन्हाळ्याच्या आकड्यावरच राहिलं होतं आणि दोन कुप्या मागच्या भिंतीला टेकलेल्या होत्या. सकाळी कुपी हलवली तर आत बर्फाचा गोळा. दुसरी वितळलेली होती, पण तिच्या काचेला आतून पांढरे कण चिकटलेले. दोन्ही टाकल्या. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि ते वरून नेहमीसारखं दिसू शकतं, ही त्यातली खरी भीती.

त्यानंतर मी कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारं छोटं डिजिटल थर्मामीटर आणलं. ते आठवडाभर एकेका कप्प्यात ठेवलं. आमच्या एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरखालचा ट्रे आणि मागची भिंत धोक्याची निघाली. दाराचा वरचा कप्पा वर्षभर ४ ते ७ मध्ये राहतो. तिथे झाकणाचा प्लास्टिकचा डबा आहे, त्यावर लाल स्केचपेनने लिहिलं आहे : ‘औषध’. त्यात दुसरं काही जात नाही, मिरचीचा एक देठही नाही. नवं खोकं मागे, जुनं पुढे, आणि पुढच्यावर मुदतीचा महिना ठळक लिहिलेला. थर्मामीटर त्याच डब्यात, दर रविवारी आकडे वहीत. बटण उन्हाळ्याचं हिवाळ्यात फिरवायची तारीखही वहीत.

वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही. बंद दाराआड गारवा तीन-चार तास टिकतो. लाइट आल्यावर आधी थर्मामीटरचा आकडा बघायचा.

उन्हाळा आणि माठ

वापरातलं पेन फ्रिजमध्ये परत ठेवायचं नसतं. ते खोलीच्या तापमानात, पण ३० अंशांच्या खाली, असं आमच्या माहितीपत्रकात आहे. आता मे महिन्यात अकोल्यात बाहेर ४५ आणि कूलर लावूनही दुपारी खोलीत ३६-३८. मग ३० आणायचे कुठून?

मी माठ वापरतो. कुंभाराकडून न चकाकणारे, साधे दोन माठ आणले, एकात एक बसतील असे. मधल्या फटीत नदीची वाळू भरली. सकाळ-संध्याकाळ वाळू ओली करायची, वर ओलं फडकं. आतला माठ कोरडाच राहिला पाहिजे. त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात पेन. माठ सावलीत आणि वारा लागेल अशा जागी, आमचा मागच्या पडवीत आहे. तिथे थर्मामीटर ठेवून पंधरा दिवस दुपारी तीनला आकडे घेतले : बाहेर पडवीत ३९, माठात २७. आपल्या वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, म्हणून हे जमतं. श्रावणात हवा दमट झाली की माठ तेवढा गार होत नाही, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं आणि पेन पुन्हा आतल्या खोलीच्या ड्रॉवरमध्ये येतं. मोजल्याशिवाय माठावर विसंबू नका. प्रत्येक घराची हवा वेगळी.

रोजचा ट्रे आणि चौदा सुया

साठा एकीकडे आणि रोजचं सामान दुसरीकडे. हे दोन एकत्र झाले की हिशेब संपला. रोजच्यासाठी स्टीलचा एक ट्रे आहे : पेन, ग्लुकोमीटर, स्ट्रिपची डबी, लॅन्सेट (तपासणीसाठी बोटाला टोचायची बारीक सुई), कापूस, वही, बॉलपेन, आणि सुयांची एक छोटी डबी. साखर अचानक उतरली तर म्हणून ग्लुकोजच्या पावडरचा पुडा आणि चमचा त्याच ट्रेमध्ये. शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ही डॉक्टरांची सूचना ट्रेच्या तळाला चिकटवलेली आहे. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावायचं आणि ती डबी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. ओल लागलेली स्ट्रिप खोटं बोलते.

सुयांची डबी ही या सगळ्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वस्तू वाटते. रविवारी रात्री त्यात मोजून चौदा सुया टाकतो. चौदाच, पंधरा नाही. प्रत्येक टोचणीला नवी सुई, म्हणून पुढच्या रविवारी डबी रिकामी असली पाहिजे. एक उरली, तर एक डोस चुकला किंवा जुनी सुई परत वापरली गेली. कमी पडली, तर एखादी वाकली किंवा पडली आणि तसं वहीत लिहिलेलं असलं पाहिजे.

या डबीने आमची एक मोठी वेळ निभावली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला गुरुवार होता. संध्याकाळी लाइट गेलेली, नागपूरहून मुलाचा फोन आला, दारात कुणी तरी आलं. सगळं आटोपल्यावर ही म्हणाली, “अहो, माझं इंजेक्शन झालं का हो?” वहीत खूण नव्हती. मला वाटत होतं झालं, तिला वाटत होतं नाही. टॉर्च लावून डबी उघडली. सोमवारपासून गुरुवार सकाळपर्यंत सात सुया जातात, सात उरायला हव्यात. उरल्या होत्या सहा. मग वापरलेल्या सुयांच्या बाटलीत पाहिलं, वरची सुई ताजी होती. इंजेक्शन झालेलं होतं, खूण करायची राहिली होती. मी पुन्हा १६ युनिट दिले असते तर मध्यरात्री काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर काटा आणतो. सुयांवरूनही उलगडा झाला नाही, तर दुसऱ्यांदा टोचू नका. शुगर तपासा आणि डॉक्टरांना फोन लावा.

त्या दिवसापासून खूण करण्याची वेळ ठरली आहे. टोचून झालं, दहा आकडे मोजले, सुई फिरवून काढली, बाटलीत टाकली, आणि उभ्या-उभ्या तिथेच खूण. टोचायच्या आधी खूण करायची नाही, जेवण झाल्यावरही नाही. सुई पेनवर तशीच लावून ठेवायची नाही, तिच्यातून हवा आत शिरते आणि इन्सुलिन गळतं. मग तुमचा ४२ चा हिशेब कितीही बरोबर असला तरी रविवारी कार्ट्रिज अपुरं पडतं.

वही

वहीचा पुढचा अर्धा भाग साठ्याचा. कार्ट्रिज, सुया, स्ट्रिप, लॅन्सेट, प्रत्येकाला वेगळं पान. रकाने : तारीख, आवक, जावक, शिल्लक, बॅच, मुदत, शेरा. मागचा अर्धा भाग रोजचा : तारीख, तपासलेली शुगर, युनिट, जागा, खूण. बॉलपेननेच लिहायचं. चूक झाली तर खोडून काढायची नाही, एक आडवी रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही. भांडारात हा नियम तपासणीसाठी होता. घरी तो डॉक्टरांसाठी आहे, काय बदललं आणि कधी, हे त्यांना दिसायला हवं.

ही सुरुवातीला म्हणायची, “काहून एवढं लिहीत बसता?” आता मी बाहेरगावी असलो तर ती स्वतः लिहिते, आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक आहे.

‘जागा’ या रकान्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे आम्ही खूप नुकसान करून घेतलं. पहिली दोन-तीन वर्षं ही बेंबीच्या उजव्या बाजूला एकाच ठिकाणी टोचून घ्यायची, तिथे दुखत नाही म्हणून. तिथे सुपारीएवढी गाठ झाली. गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी कमी, कधी एकदम. शुगर वर-खाली व्हायची आणि आम्ही दोष द्यायचो भाताला. डॉक्टरांनी हात फिरवून गाठ दाखवली आणि जागा बदलतानाच डोसही कमी केला, कारण चांगल्या जागेतून तेच युनिट जास्त काम करणार होते. म्हणून गाठ सापडली तर मनाने जागा बदलू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

आता पोटाचे चार भाग केले आहेत, बेंबीपासून दोन बोटं सोडून. सकाळची टोचणी पोटात, संध्याकाळची मांडीत. पोटाचा भाग दर सोमवारी बदलतो, कार्ट्रिजबरोबरच. रोजची टोचणी आदल्या दिवशीच्या जागेपासून एक बोट दूर. वहीत लिहितो ‘पो-१’, ‘मां-उ’. महिन्याच्या एक तारखेला ही बोटांनी पोट आणि मांड्या चाचपून बघते, कुठे टणक लागतं का. त्याचाही शेरा.

आमचं ३०/७० दुधासारखं असतं. ते स्थिर राहिलं की साका खाली बसतो. टोचण्याआधी पेन तळहातांमध्ये दहा वेळा वळायचं, दहा वेळा खालीवर करायचं, जोरात हलवायचं नाही. एकसारखं दुधाळ झालं नाही, गुठळ्या दिसल्या, तर ते कार्ट्रिज बाद आणि जावक रकान्यात ‘खराब’ असा शेरा.

चाळीस आणि शंभर

हे सगळ्यांनी नीट वाचावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

२०२१ मध्ये आम्ही कुपीवरून पेनवर आलो. त्याच दिवाळीत, पाडव्याला सकाळी, पेन हातातून फरशीवर पडलं आणि त्याचं बटण अडकलं. दुकानं बंद. शेजारचा मुलगा मदतीला आला. चांगला मुलगा, मनापासून म्हणाला, “काकाजी, जुनी सिरिंज आहे ना घरात? कार्ट्रिजमधून वढा अन् द्या.” कपाटात जुन्या सिरिंजचं पाकीट होतंच. मी एक हातातही घेतली. तिचं टोपण लाल होतं.

आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलीला ४० युनिटचं असतं आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच्यासाठी. पेनच्या कार्ट्रिजमधलं असतं १०० युनिटचं. शंभरवाल्या सिरिंजचं टोपण केशरी. लाल सिरिंजवर २२ च्या रेघेपर्यंत ओढलं की आत येतं ०.५५ मिली. ते चाळीसवालं असेल तर २२ युनिट. शंभरवालं असेल तर ५५. बाविसाच्या जागी पंचावन्न, अडीचपट. भांडारात मापाचे घोटाळे इतके पाहिले होते, की हात आपोआप थांबला आणि मी आधी दोन्हींवरचे आकडे वाचले. कार्ट्रिज ज्या पेनसाठी आहे त्या पेनमध्येच वापरायचं, एवढं धरून चाललो. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेल्या ठिकाणाहून अकराच्या सुमाराला दुसरं पेन मिळालं.

त्याच संध्याकाळी जुन्या सगळ्या सिरिंज घराबाहेर काढल्या. उलट दिशेने, पेनवरून कुपीवर जाणाऱ्यांनीही हेच करावं. दोन मापांचं सामान एका घरात नको. आणि त्याच कंपनीचं, तेच कार्ट्रिज बसणारं एक जादा पेन आता ‘औषध’ लिहिलेल्या दुसऱ्या डब्यात, कपाटात, कायम असतं. त्याचीही वहीत नोंद आहे, आणि सहा महिन्यांनी एकदा त्याचं बटण फिरवून बघतो.

वापरलेली सुई

२०१७ मध्ये आमच्या कचऱ्याच्या पिशवीतली सुई घंटागाडीवरच्या बाईच्या बोटाला टोचली. ती वर बघून फक्त एवढंच म्हणाली, “भाऊ, सुई होती जी.” तिला घेऊन दवाखान्यात गेलो, तपासण्या केल्या, काही महिन्यांनी पुन्हा केल्या. सगळं ठीक निघालं. पण त्या महिन्यांत तिने काय सोसलं असेल, ते माझ्यामुळे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात मोजल्या. त्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकायच्याच नाहीत. आमच्याकडे फिनेलची जाड प्लास्टिकची, पांढरी बाटली आहे. फिरकीचं झाकण, वर लाल अक्षरात ‘सुया’. सुई काढताना बाहेरचं मोठं टोपण लावून फिरवायची. आतलं बारीक टोपण परत बसवायला जाऊ नका, बोटाला तिथेच टोचतं. बाटली पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी, आणि नवी बाटली. भरलेली बाटली मी आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात देतो. तिथे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते. तुमचा दवाखाना किंवा पॅथॉलॉजी लॅब घेते का, ते आधी विचारून ठेवा. ही बाटलीसुद्धा वहीत आहे : दिलेली तारीख आणि कुणाच्या हातात दिली ते.

प्रवास

पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा सात दिवसांचं सामान लागणार होतं. मी चौदा दिवसांचं घेतलं आणि ते दोन पिशव्यांत विभागलं, एक माझ्या खांद्याला, एक हिच्या. रेल्वेच्या डब्यात बर्थखाली ठेवायची बॅग वेगळी, ही पिशवी उशाशी. विमानाने गेलात तर इन्सुलिन सोबतच्या बॅगेत ठेवा, सामानात देऊ नका, तिथे ते गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत. वहीच्या चालू पानाचा फोटो दर रविवारी मुलाला पाठवतो. मी आजारी पडलो, तर हिला कुठलं इन्सुलिन, किती, आणि घरात किती शिल्लक, हे नागपुरात बसून त्याला दिसतं.

आज रविवार. साडेनऊला मोजणी झाली. न उघडलेली कार्ट्रिज ३, सगळ्यांची मुदत पुढच्या वर्षीची. डबीत आजच्या चौदाव्या सुईची जागा रिकामी, उद्यासाठी चौदा मोजून टाकल्या, खोक्यात उरल्या ४४. स्ट्रिप २७. फ्रिज ४ ते ६. सुयांची बाटली अर्धी. उद्या सकाळी एक कार्ट्रिज फ्रिजमधून बाहेर येईल आणि शिल्लक दोनवर जाईल, म्हणजे मेडिकलवाल्याला फोन करायचा आहे. शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून ठेवलं आहे.